वाळूची बादली

एम. जी. रोडला तळघरात दुकान,
चार फूट बाय सहा. पाटी नाही.
ज्याला यायचं असतं तो फुटलेली काच तळहातावर धरून
जिना उतरतो,
आजारी पोर घेऊन यावं तसा, हळू.

काउंटरखाली वाळूची बादली आहे.
गिऱ्हाइकांना वाटतं, थुंकायला.
ती फुगलेल्या बॅटऱ्यांसाठी.
बॅटरी पुरीसारखी फुगत नाही,
उन्हात विसरलेल्या दुधाच्या पिशवीसारखी फुगते.
आत काय नासतंय ते बाहेर कळत नाही,
फक्त मागचं झाकण बसेनासं होतं
आणि माणूस म्हणतो, कव्हर सैल झालंय, बघा जरा.

लोक विचारतात,
उशीखाली ठेवला तर डोक्यात गाठ होते का हो?
वरच्या खिशात ठेवला तर काळजाला काही?
मी म्हणतो, डॉक्टरांना विचारा.
मला लहरी दिसत नाहीत.
मला दिसतो चार्जरचा वितळलेला दात,
गोधडीचा जळका धागा, पिनेच्या भोकात अडकलेला.
एका बाईंच्या फोनच्या जाळीतून
मी टाचणीनं वाळकी कणीक काढली होती.
त्या म्हणाल्या, आवाज बारीक येतो.

आणि दिसते माझी मान.
एकोणीस वर्षं भिंगाखाली.
संक्रांतीला पोरगी म्हणते, पप्पा, वर बघा, काटला!
तोवर पतंग कॉलेज रोडपर्यंत गेलेला असतो.

मार्चमध्ये हेमराज खैरनार आला.
सातपूरला सीएनसीवर रात्रपाळी.
एक हात भिंतीला, पाय आखडता घेत उतरला.
पिशवीत फोन, म्हणजे जे उरलं होतं ते.
त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला, म्हणाला,
मांडीला ऊब लागली. वाटलं ऊन आहे.
मग वाटलं इंजिन.
मग पँट.
सिव्हिल जवळच होतं, तेवढं नशीब.

मी झाकण उचकटलं.
बॅटरी काळी पडून वळलेली,
पण एका कोपऱ्यात वेष्टन शाबूत
आणि त्यावर मार्करनं तारीख.
चौदा ऑक्टोबर.
चारचा पाय असा लांब ओढायची सवय
माझी आहे. शाळेत मार खाल्लाय त्यासाठी.

सगळं आठवलं.
ओरिजिनल अकराशेला, ही साडेतीनशेला.
तो म्हणाला होता, चालेल ना?
मी म्हणालो होतो,
पळेल.

पंखा फिरत होता.
वर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
तिची ती केविलवाणी पिपाणी, संपता संपेना.
हेमराज म्हणाला, नंबर निघतील का?
आईचा तेवढा पाठ आहे. बाकी कुणाचेच नाहीत.

नखाएवढं कार्ड चिमट्यानं उचललं,
पुसलं, दुसऱ्या फोनात घातलं.
नावं वर येत गेली. आक्का ओझर. कंपनी शिफ्ट. गॅस.
खाली खाली सरकवत गेलो तेव्हा
मध्येच माझा नंबर:
मोबाइलवाले काका खात्रीचे.

पैसे घेतले नाहीत.
त्याला वाटलं, भला माणूस.
जिना चढताना दोनदा मागे वळून हात केला त्यानं.
मी वाळूत हात कोपरापर्यंत घालून
ती बॅटरी पार तळाला दाबत होतो.

साडेतीनशेवाल्या अकरा उरल्या होत्या.
खणात मागे सारल्या, विकायच्या नाहीत म्हणून.
काल मोजल्या.
आठ.

तिघांनाही नीट सांगितलंय.
चार्जिंगला लावून बोलू नका, उशाशी नको,
खिशात गरम लागला तर आधी फेका, मग विचार करा.
तिघंही ऐकता ऐकता
नवीन बॅटरीवर फोन चालू करून
त्यातच बघत होते.

तारीख मात्र
आता लिहीत नाही.